अमेरिकेची खरी परीक्षा १८०१ च्या फेब्रुवारीत झाली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी अडीचशे वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला दीर्घ लेख काळजीपूर्वक वाचला. लेखकाने कष्ट घेतले आहेत. बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, फिलाडेल्फियातला जाहीरनामा, १७८७ ची राज्यघटना, इथवर सगळे तपशिलात येते आणि तिथून लेख थेट लिंकन आणि १८६१ च्या यादवी युद्धावर जातो. मधला काळ दोन वाक्यांत आटोपला आहे. आमच्या पिढीने शाळेत शिकलेला अमेरिकेचा इतिहासही असाच होता आणि आजही मराठीत त्या देशाबद्दल जे छापून येते त्यात हीच पोकळी असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, पण जेफर्सन आणि बर या अध्यक्षपदाच्या दोन दावेदारांच्या मतमोजणीचा भाग कृपया ठेवा. पत्र त्यासाठीच लिहिले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जाहीरनामा लिहिणे अवघड होते, राज्यघटना लिहिणे त्याहून अवघड होते, पण लिहिलेले कागद खरे ठरले ते १७ फेब्रुवारी १८०१ रोजी. त्या दिवशी सत्तेवर असलेल्या पक्षाने, हाती सैन्य, खजिना आणि न्यायालये असताना, आपण ज्यांना देशाचे शत्रू म्हणत होतो त्या विरोधकांच्या हाती कारभार जाऊ दिला. लेखात या दिवसाचा उल्लेखही नाही.

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुकांची कामे नोकरीभर केली. त्यामुळे कुठल्याही देशाचा इतिहास वाचताना माझी नजर भाषणांपेक्षा मोजणीच्या टेबलाकडे आधी जाते. पेट्या कोणी उघडल्या, कागदावर दाखला बरोबर होता का, हरलेल्याने सही केली का, हे मी बघतो. अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास या नजरेने वाचला तर फार वेगळा दिसतो.

सुरुवात १७८३ पासून करावी लागेल. यॉर्कटाऊनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. (हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात आला आणि त्याची बंगालमधली कायमधारा आम्हाला खात्याच्या परीक्षेसाठी अभ्यासावी लागली.) युद्ध जिंकले, पण सैनिकांचे पगार थकलेले होते. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता, ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्ये देत नव्हती. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांमध्ये उघड धुसफूस सुरू झाली. अशा वेळी जगभर सेनापती काय करतात ते आपण जाणतो. वॉशिंग्टनने अधिकाऱ्यांची समजूत काढली आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला अ‍ॅनापोलिस इथे काँग्रेससमोर जाऊन सरसेनापतिपद परत केले.

माझी मुलगी मेरीलँडमध्ये राहते, तिच्याकडे गेलो असताना ती जागा बघता आली. मेरीलँडच्या राज्य विधिमंडळाची इमारत अजून वापरात आहे आणि तिच्यातले जुने सिनेटचे दालन त्या काळासारखे जपले आहे. दालन आपल्याकडच्या जुन्या जिल्हा लोकल बोर्डाच्या सभागृहापेक्षा मोठे नाही. जिथे उभे राहून त्याने निरोपाचे भाषण वाचले तिथे त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, चौथऱ्यावर न चढवता जमिनीवरच उभा केलेला. मला ते फार आवडले. घोड्यावर बसवून हातात तलवार दिलेले पुतळे आपण पुष्कळ पाहतो. इथे राजीनामा देणाऱ्या माणसाचा पुतळा आहे.

त्यानंतरची चार वर्षे वाईट गेली. युद्धावरून परतलेले मॅसॅच्युसेट्समधले शेतकरी कर्जात बुडाले. सरकारने त्यांना पगारापोटी दिलेल्या कागदांना बाजारात किंमत राहिली नव्हती आणि कर मात्र रोख नाण्यात मागितला जात होता. वसुलीचे दावे, जप्त्या, तुरुंग. १७८६ च्या उन्हाळ्यात लोकांनी न्यायालये बंद पाडायला सुरुवात केली आणि जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज याच्या पुढारपणाखाली स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. उठाव मोडला, पण त्याने श्रीमंत आणि जाणत्या मंडळींची झोप उडवली. त्याच मे महिन्यात फिलाडेल्फियाची परिषद भरली आणि १७ सप्टेंबरला राज्यघटनेवर ३९ जणांच्या सह्या झाल्या. परिषदेबद्दल आपल्या लेखात पुरेसे आहे, मी पुन्हा लिहीत नाही. पण एक कलम लेखातून सुटले आहे आणि पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले.

ते कलम अध्यक्षाच्या निवडीचे. प्रत्येक राज्याने ठरावीक संख्येचे निर्वाचक नेमायचे. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मत द्यायचे, त्यातले निदान एक नाव स्वतःच्या राज्याबाहेरचे. यातले अध्यक्षपदाचे मत कुठले आणि उपाध्यक्षपदाचे कुठले हे लिहायचेच नाही. मते मोजून, बहुमतासह पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा येईल तो उपाध्यक्ष. घटना लिहिणाऱ्यांनी देशात पक्ष निर्माण होतील असे धरलेच नव्हते. चांगली चांगली माणसे निवडली जातील, त्यातला सर्वांत चांगला पहिला येईल, एवढी साधी कल्पना. निवडणूक घेतलेल्या कोणालाही हा मसुदा दाखवला असता तर त्याने तिथल्या तिथे सांगितले असते की समसमान मते पडणार.

वॉशिंग्टन होता तोवर चालून गेले. तो दोनदा एकमताने निवडून आला आणि तिसऱ्यांदा उभा राहिला नाही. हा दुसरा राजीनामाच म्हणायचा. १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्सला ७१ मते पडली आणि थॉमस जेफर्सनला ६८. म्हणजे फेडरलिस्ट पक्षाचा अध्यक्ष आणि त्याच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाचा नेता उपाध्यक्ष. (हा रिपब्लिकन पक्ष आजचा नव्हे. आजचा पक्ष १८५४ मध्ये स्थापन झाला.) एकमेकांचे तोंड न बघणारी माणसे एकाच कारभारात चार वर्षे बसली.

फ्रान्सशी समुद्रावर चकमकी सुरू झाल्या आणि युद्धज्वराच्या भरात फेडरलिस्टांनी १४ जुलै १७९८ रोजी राजद्रोहाचा कायदा केला. अध्यक्ष, काँग्रेस किंवा सरकार यांच्याविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. कायद्याचे संरक्षण उपाध्यक्षाला दिलेले नव्हते, कारण तो जेफर्सन होता. आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ ला संपणार होती. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅडम्सची कारकीर्दही संपत होती. पुढे विरोधक आलेच तर त्यांच्या हाती हे हत्यार राहू नये, अशी तजवीज कायद्यातच करून ठेवली होती.

या कायद्याखाली सापडलेल्यांत व्हरमाँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन होता. आयर्लंडमध्ये जन्मलेला, पोरवयात मजुरीच्या करारावर अमेरिकेत आलेला, रांगडा माणूस. अध्यक्षांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव सुटली आहे अशा अर्थाचे त्याने छापले. चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. हिवाळ्यात त्याला तुरुंगात ठेवले आणि तुरुंगात असतानाच त्याच्या मतदारसंघाने त्याला पुन्हा निवडून दिले. हे नाव लक्षात ठेवावे.

१८०० ची निवडणूक अशा वातावरणात झाली. तेव्हा बहुसंख्य राज्यांत निर्वाचक जनता निवडत नसे, राज्याचे विधिमंडळ निवडत असे. म्हणून खरी लढाई विधिमंडळांच्या निवडणुकांत झाली. न्यूयॉर्क शहरात अ‍ॅरन बर याने वसंत ऋतूत वाड्यावाड्यांतून माणसे लावून, मतदारांच्या याद्या करून, घरोघर फिरून विधिमंडळ जिंकले आणि राज्याची १२ मते फेडरलिस्टांच्या हातून काढून घेतली. आजचा कार्यकर्ता जे करतो ते सगळे त्याने तेव्हा केले. रिपब्लिकनांनी अध्यक्षपदासाठी जेफर्सन आणि उपाध्यक्षपदासाठी बर हे नाव ठरवले होते.

निकाल आला तो असा: जेफर्सन ७३, बर ७३, अ‍ॅडम्स ६५, त्याच्या जोडीचा फेडरलिस्ट उमेदवार पिंकनी ६४, जॉन जे १. फेडरलिस्टांनी हुशारी केली होती. ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने पिंकनीऐवजी जेला मत देऊन आपल्या दोन उमेदवारांत एका मताचे अंतर ठेवले. रिपब्लिकनांकडे असे मत मुद्दाम बाजूला टाकणारा एकही निघाला नाही. प्रत्येकाला वाटले दुसरा कोणी टाकेल. मोजणीचा अनुभव असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल.

मोजणी ११ फेब्रुवारी १८०१ रोजी झाली. राजधानी नुकतीच वॉशिंग्टनला हलली होती, कॅपिटॉलची फक्त उत्तरेकडची बाजू बांधून झाली होती, सदस्य आसपासच्या खाणावळींत दाटीवाटीने राहत होते. सिनेटचा अध्यक्ष या नात्याने राज्यांचे लखोटे उघडायचे काम उपाध्यक्षाचे, म्हणजे खुद्द जेफर्सनचे. स्वतः उमेदवार असलेला माणूस स्वतःची मते उघडतो आहे. त्यात जॉर्जिया राज्याचा कागद राज्यघटनेत सांगितलेल्या नमुन्यात नव्हता, त्यावर हवा तो दाखला नव्हता. जॉर्जियाची चार मते त्याला आणि बरला होती. ती बाद धरली असती तर दोघेही ६९ वर आले असते आणि १३८ निर्वाचकांत बहुमताला ७० लागत होती. मग कायद्याने पाच नावे पुढच्या फेरीत गेली असती, अ‍ॅडम्ससुद्धा. जेफर्सनने मते धरली. सभागृहात दोन्ही पक्षांचे लोक बसले होते, कोणीही हरकत घेतली नाही. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण जॉर्जियाने कोणाला मते दिली याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. चूक लिहिणाऱ्याची होती, कौलाची नव्हती. पण हरकत घ्यायला जागा असताना विरोधी बाकांवरचे लोक गप्प राहिले, हे मला त्या आठवड्यातले पहिले मोठे काम वाटते.

समान मते पडल्यावर निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तिथे एका राज्याला एक मत. १६ राज्ये, जिंकायला ९ हवीत. आणि हे प्रतिनिधिगृह जुने होते, नवे निवडून आलेले सदस्य अजून बसायचे होते. म्हणजे जुन्या सभागृहातल्या फेडरलिस्टांच्या हाती आपल्या दोन विरोधकांपैकी कोणाला अध्यक्ष करायचे, किंवा कोणालाच होऊ द्यायचे नाही, हे ठरवणे होते. बरने आपण फक्त उपाध्यक्षपदासाठी उभे होतो असे सांगून बाजूला व्हायचे होते. तो झाला नाही.

आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६५: समान मते पडली तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने चिठ्ठी टाकायची आणि ज्याची निघेल त्याला एक जादा मत धरायचे. ग्रामपंचायतीला हा प्रसंग पुष्कळदा येतो. एका मोजणीत दोन चुलतभावांना सारखी मते पडली. फेरमोजणी केली, बाद मतांचा गठ्ठा दोन्ही प्रतिनिधींसमोर पुन्हा उलगडला, आकडा तोच. मग सारख्या मापाच्या दोन चिठ्ठ्या सर्वांना दाखवून, घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि पोलीस पाटलांच्या नातीला बोलावून एक काढायला सांगितली. बाहेर दोन्हीकडचे गुलाल घेऊन उभे होते. पोरीने चिठ्ठी काढली, मी नाव वाचले, आणि हरलेला भाऊ थोडा वेळ टेबलाला धरून उभा राहिला. मग त्याने खिशातून स्वतःचे पेन काढले आणि निकालपत्रकावर सही केली. तेव्हापासून मी मानतो की निवडणूक पूर्ण होते ती त्या सहीने.

१८०१ मध्ये अमेरिकेत चिठ्ठी नव्हती आणि सही करायला कोणी तयार नव्हते. पहिल्या फेरीत जेफर्सनला ८ राज्ये, बरला ६, आणि व्हरमाँट व मेरीलँड यांची मते आतल्या आत निम्मी-निम्मी फुटल्यामुळे ती दोन राज्ये कोणाचीच नाहीत. पुन्हा मतदान, पुन्हा तेच. बाहेर बर्फ पडत होता. फेऱ्या रात्रभर चालल्या, सदस्य अंथरुणे-पांघरुणे घेऊन आले होते. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणला होता. तो गैरहजर राहिला असता तर मेरीलँड चार विरुद्ध तीन असे बरकडे गेले असते. त्याला बर्फातून खाटेवर उचलून कॅपिटॉलमध्ये आणले, शेजारच्या खोलीत झोपवले, आणि दर फेरीला मतपेटी त्याच्या उशाशी नेली. त्याची बायको त्याच्याजवळ बसून त्याला मत लिहायला हात देत होती. जेफर्सन, हॅमिल्टन यांच्यावर ग्रंथांच्या भिंती उभ्या आहेत, आणि त्या आठवड्यात राज्य राखले ते या बाईने आणि तिच्या आजारी नवऱ्याने, हे वाचताना मला भरून येते.

दिवस जात होते. ४ मार्चला जुनी कारकीर्द संपणार, तोवर निवड झाली नाही तर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. फेडरलिस्टांत अशी कुजबुज होती की कायदा करून दुसऱ्याच कोणाला तात्पुरते बसवावे. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मॅकीन आणि व्हर्जिनियाचा गव्हर्नर जेम्स मन्रो यांनी आपापल्या राज्यांतले नागरी सैन्य तयारीत ठेवले होते. तसे बसवले त्याच दिवशी मधली राज्ये शस्त्र उचलतील, हे जेफर्सनच्या बाजूने स्पष्ट सांगितले गेले. राज्यघटना सही होऊन १४ वर्षेही झाली नव्हती. तलवारीवर जायला दोन्ही बाजूंकडे कारणे होती.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते हेही वाचकांच्या लक्षात यावे. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये गेले आणि दुसऱ्या बाजीरावांना गादी मिळेपर्यंत वर्षभर पुण्यात कारस्थाने चालली. नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी वारले. डिसेंबर १८०२ मध्ये वसईचा तह झाला. वारस कोण आणि कारभारी कोण हे ठरवायचा सर्वांना मान्य असलेला मार्ग नसला की काय होते, त्याची किंमत आपण मोजली आहे. म्हणूनच मराठी वाचकाला १८०१ ची गोष्ट परकी वाटू नये.

कोंडी फोडण्यात दोन माणसांचा हात आहे. पहिला अलेक्झांडर हॅमिल्टन, फेडरलिस्टांचा मेंदू आणि जेफर्सनचा हाडवैरी. त्याने आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रामागून पत्रे लिहिली की बरपेक्षा जेफर्सन परवडला, कारण जेफर्सनला काही तत्त्वे तरी आहेत. (हॅमिल्टन ज्या कॉलेजात शिकला त्याचेच पुढे कोलंबिया विद्यापीठ झाले, जिथे १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर शिकायला गेले.) दुसरा जेम्स बेयर्ड, डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी, म्हणजे हा एकटा माणूस म्हणजे एक अख्खे राज्य. तोही फेडरलिस्ट, बरला मत देणारा. आपल्या राज्याला संघराज्याबाहेर काही भवितव्य नाही हे त्याला कळत होते. शेवटी त्याने आपल्या लोकांना सांगितले की मी यापुढे अडवणार नाही. कर्ज, नौदल, काही अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांबद्दल जेफर्सनच्या बाजूने आश्वासन मिळाले होते असे बेयर्ड नंतर म्हणाला. जेफर्सनने ते नाकारले. खरे-खोटे त्या दोघांबरोबर गेले.

१७ फेब्रुवारीला ३६ वी फेरी झाली. डेलावेअरने कोरी चिठ्ठी टाकली, साउथ कॅरोलायनानेही. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोरी मते दिली, त्यामुळे निकल्सन आणि त्याच्या साथीदारांची मते धरून राज्य जेफर्सनकडे गेले. व्हरमाँटचा फेडरलिस्ट सदस्य मॉरिस सभागृहात आलाच नाही. त्यामुळे व्हरमाँटतर्फे मत द्यायला एकच माणूस उरला: मॅथ्यू लायन. ज्याला सरकारवर टीका केली म्हणून तुरुंगात टाकले होते, त्याच्या एका मताने त्याच्या राज्याचा कौल ठरला. जेफर्सन १० राज्ये, बर ४, कोरी २.

एक गोष्ट नीट पाहावी. तोवर बरला मत देत आलेल्या एकाही फेडरलिस्ट सदस्याने त्या दिवशी जेफर्सनला मत दिले नाही. त्यांनी कोरी चिठ्ठी दिली, कोणी घरी राहिले. कोणालाही आपले मत बदलावे लागले नाही, कोणी कोणाच्या पाया पडले नाही. नुसते बाजूला झाले. हरलेल्याला मान राखून बाजूला व्हायला जागा ठेवणे ही राज्यकारभारातली फार मोठी गोष्ट आहे, आणि ती मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचली नाही.

४ मार्च १८०१ च्या पहाटे चार वाजता अ‍ॅडम्स घोडागाडीने वॉशिंग्टन सोडून निघून गेला, शपथविधीला थांबला नाही. त्याबद्दल त्याला पुष्कळ नावे ठेवली गेली. तीनच महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा चार्ल्स वारला होता, त्यात हा पराभव. मला तो राग धरण्यासारखा वाटत नाही. तो गेला, आणि वाडा रिकामा करून गेला. दुपारी जेफर्सन आपल्या खाणावळीतून पायी चालत कॅपिटॉलमध्ये आला. आपण सगळेच रिपब्लिकन आहोत, सगळेच फेडरलिस्ट आहोत, असे तो भाषणात म्हणाला. ६ जानेवारी २०२१ रोजी त्याच कॅपिटॉलवर जमाव चालून गेला, तोही निर्वाचकांच्या मतांची मोजणी चालू असतानाच. १८०१ मध्ये काय वाचले होते हे त्या दिवशी टीव्हीसमोर बसून कळले.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र पाठवणे मला अप्रामाणिक वाटेल. जेफर्सनचा विजय शुद्ध मतांवर झालेला नाही. फिलाडेल्फियाच्या परिषदेत ठरले होते की राज्यांचे प्रतिनिधी आणि निर्वाचक ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरायची. गुलामाला मत नाही, हक्क नाही, पण त्याचे डोके मोजून त्याच्या मालकाच्या राज्याचे वजन वाढायचे. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांतली स्वतंत्र लोकसंख्या तेव्हा जवळपास सारखी, सव्वाचार ते साडेचार लाख. पण १८०० मध्ये व्हर्जिनियाला २१ निर्वाचक आणि पेनसिल्व्हेनियाला १५. जेफर्सन अ‍ॅडम्सच्या पुढे होता तो अवघ्या आठ मतांनी. दक्षिणेच्या राज्यांना गुलामांच्या डोक्यांवर मिळालेली जादा मते त्याहून जास्त होती. ही गोष्ट फेडरलिस्टांनी तेव्हाच बोलून दाखवली होती.

आणि त्याच १८०० च्या ऑगस्टमध्ये, त्याच व्हर्जिनियात, रिचमंडजवळ गॅब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने स्वातंत्र्यासाठी उठावाची आखणी केली. ठरल्या रात्री प्रचंड पाऊस पडून वाटा बंद झाल्या, बातमी फुटली, आणि गॅब्रिएलसह कितीतरी जणांना फाशी दिले. गव्हर्नर मन्रोच होता, जेफर्सनच्या न्याय्य निवडीसाठी नागरी सैन्य तयारीत ठेवणारा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याच्या लेखणीतून उतरला त्या जेफर्सनच्या स्वतःच्या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत होते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केला, तो इतक्या लांबून त्यांनी हा हिशेब ओळखला म्हणूनच. आपल्या लेखात १८६१ चे युद्ध आभाळातून पडल्यासारखे येते. ते १७८७ च्या त्या तीन-पंचमांश कलमातून आणि १८०० सारख्या निवडणुकांतून साठत आले होते.

शेवटच्या दोन गोष्टी. अ‍ॅडम्सने जाता जाता फेडरलिस्ट न्यायाधीशांच्या भराभर नेमणुका केल्या. त्यांतली काही नेमणूकपत्रे सही-शिक्का होऊनही पोचवायची राहिली. त्यावर शिक्का मारण्याचे आणि ती पोचवण्याचे काम ज्याच्या कचेरीचे, तो परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलच तोवर सरन्यायाधीशही झाला होता. आदेश झाला, बजावणी झाली नाही, तर हक्क निर्माण होतो का, हा तहसील कचेरीत रोज येणारा प्रश्न विल्यम मार्बरीने सर्वोच्च न्यायालयात नेला. फेब्रुवारी १८०३ मध्ये मार्शलने निकाल दिला की मार्बरीचा हक्क खरा, पण कायद्याच्या ज्या कलमाच्या आधारे तो या न्यायालयात आला ते राज्यघटनेशी विसंगत म्हणून रद्द. मार्बरीला पद मिळाले नाही आणि न्यायालयाला कायदा रद्द करण्याचा अधिकार मिळाला. आज आपले सर्वोच्च न्यायालय कायदे तपासते, त्या विचाराची एक वाट या न पोचवलेल्या कागदातून येते.

आणि निवडणुकीचे ते सदोष कलम १८०४ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने सुधारले. तेव्हापासून अध्यक्षाचे मत वेगळे आणि उपाध्यक्षाचे वेगळे. त्याच वर्षी ११ जुलैला बरने द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनला गोळी घातली, तो दुसऱ्या दिवशी मेला. बर तेव्हाही देशाचा उपाध्यक्ष होता.

तेव्हा संपादक महोदय, अमेरिकेवरच्या लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल तर १८०१ ला स्वतंत्र पान द्यावे अशी कळकळीची विनंती आहे. पाच नावे आणि त्यांची मते यांचा तक्ता छापावा, सोळा राज्यांचा पहिल्या आणि छत्तिसाव्या फेरीतला कौल शेजारी-शेजारी द्यावा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आमच्या वाचनालयात आपला अंक रोज वाचतात, त्यांना त्याचा उपयोग होईल. त्या पानावर जेफर्सन आणि अ‍ॅडम्स येतीलच. मॅथ्यू लायन, निकल्सन नवरा-बायको आणि लोहार गॅब्रिएल हेही यावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त नायब तहसीलदार,
कराड, जि. सातारा